तीन फिती

"टोक वर ठेवू का खाली?"

टेलर मास्टरांनी इतकं सहज विचारलं, की आधी मला प्रश्नच कळला नाही. नागपूरच्या बर्डीत मोदी नंबर दोनच्या गल्लीत, एका जिन्याखाली त्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक पायमशीन, एक इस्त्रीचं टेबल आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. बाहेर ऑगस्टची बुरबुर लागली होती. आत ओल्या कापडाचा, मशीनच्या तेलाचा आणि तापल्या इस्त्रीचा मिळून एक वास कोंडला होता. मास्टरांच्या ओठांत दोन टाचण्या होत्या. टेबलावर लष्करी रंगाचा छोटा शर्ट पसरला होता आणि त्याच्या बाहीवर पांढऱ्या पट्टीच्या तीन फिती ते मांडून बघत होते, आधी अशा, मग उलट्या. हवालदाराच्या तीन फिती. टोक खाली उतरतं असतं, की छपरासारखं वर चढतं? मी बाहीकडे बघत राहिले. सव्वीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, दर सप्टेंबरात या माणसाची गोष्ट वर्गाला सांगितली, आणि त्याच्या बाहीवर काय होतं ते मला सांगता येईना.

शर्ट माझ्या भाचीचा होता, म्हणजे भाड्याचा. तिच्या शाळेत चौदा ऑगस्टला वेशभूषा होती. बाईंनी चिठ्ठ्या टाकल्या, कुणाला झाशीची राणी आली, कुणाला भगतसिंग, आणि हिच्या चिठ्ठीत निघालं 'अब्दुल हमीद, परमवीर चक्र'. घरी येऊन तिनं पहिला प्रश्न जीपचा केला. माझा भाऊ त्याच संध्याकाळी फ्रिजचं जुनं खोकं माळ्यावरून काढून कापायला बसला. शर्ट मी आणला. दुकानात मुलांच्या मापाचे लष्करी शर्ट सगळे एकाच नमुन्याचे, खांद्यावर तीन-तीन तारे. दुकानदार म्हणाला, "काय फरक पडते मॅडम, मिल्ट्री म्हणजे मिल्ट्री." मला फरक पडत होता. तारे काढून फिती लावायच्या, म्हणून मी मास्टरांकडे गेले होते.

मी फोन काढला. फोननं दोन्ही दाखवल्या. परदेशी सार्जंटच्या फितींचं टोक वर, कुठल्या चित्रात खाली, आणि नाटकाच्या कपड्यांच्या जाहिरातींत तर वाटेल तसं. मास्टरांनी चष्मा कपाळावर चढवून दोन-तीन चित्रं बघितली, मान हलवली, टाचण्या ओठांतून काढून उशीला टोचल्या आणि चपला घातल्या. "बसा, मी पाहून येतो," म्हणाले आणि त्या पावसात, छत्रीशिवाय, सत्तरीचा माणूस गल्लीतून निघून गेला. दहा-बारा मिनिटांनी आले तेव्हा खांदे ओले झाले होते. "खाली. टोक खाली. व्हरायटी चौकात बंदोबस्ताला एक हवालदार आहे. त्याला म्हटलं, बाप्पा, जरा हात दाखव." मग मशीनवर बसत त्यांनी विचारलं, पार्ट कोणाचा आहे? मी नाव सांगितलं. त्यांनी फिरवायला घेतलेलं चाक हातानं थांबवलं. "वो तो अपनेही धंदे का आदमी. बाप दर्जी था उसका." आणि थोड्या वेळानं, शर्टाकडे बघत, "कच्चाच टाका घालतो. भाड्याचा आहे ना, ओढला की निघून येईल."

ही एवढीच गोष्ट. पण ती मला सोडेना.

हमीदचे वडील शिंपी होते हे मलाही ठाऊक होतं. वर्गात मी ते एका वाक्यात सांगून पुढे जात असे. उत्तर प्रदेशातल्या गाझीपूर जिल्ह्यातलं धामूपूर गाव, १ जुलै १९३३ चा जन्म, वडील शिवणकाम करीत, तोही त्यांना मदत करी, आणि मग चला १९६५ च्या युद्धातल्या पाकिस्तानी रणगाड्यांकडे. मुलं रणगाड्यांची वाट बघत बसलेली असत, आणि खरं सांगायचं तर मीही. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या घरातलं मशीन दिसलं. काज-बटण करणारा एक पोरगा दिसला, दातानं दोरा तोडणारा, बोटाला सुई टोचली की बोट तोंडात घालणारा. शिवणकाम शिकलेल्या माणसाचे डोळे वेगळे होतात. माझी आई ब्लाऊज शिवायची. तिला रस्त्यानं जाणाऱ्या बाईचा खांदा उतरता आहे की सरळ, हे पदराआडूनही कळायचं. अंतर डोळ्यांनी मोजायचं, हात हलू द्यायचा नाही, आणि कातर चालवली की ती परत फिरत नाही हे मनात पक्कं ठेवायचं. हा पोरगा पुढे पलटणीत आरसीएल तोफेचा, म्हणजे जीपवरून झाडायच्या रणगाडाविरोधी तोफेचा, सगळ्यांत चांगला नेमबाज झाला, असं त्याच्याबद्दल सांगतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं सव्वीस वर्षांत माझ्या मनातही आलं नव्हतं. असेलच असं नाही. पण मास्टरांनी त्या पांढऱ्या पट्टीवर कातर चालवली तेव्हा मला तसं वाटलं, आणि अजून वाटतं.

वर्गात मी हमीदला नेहमी 'ते' म्हणत आले. आता मी सत्तावन्न वर्षांची आहे आणि ते बत्तीस वर्षं दोन महिन्यांवर थांबलेले. माझे पहिल्या तुकडीतले विद्यार्थी त्याच्याहून मोठे झाले. इथून पुढे मी 'तो' म्हणणार आहे.

२७ डिसेंबर १९५४ ला तो ग्रेनेडियर्समध्ये भरती झाला आणि पुढे चौथ्या बटालियनमध्ये, म्हणजे ४ ग्रेनेडियर्समध्ये गेला. आपण मराठी माणसं 'हवालदार' म्हटलं की चौकातला पोलीस डोळ्यांपुढे आणतो. शब्द वापरून वापरून झिजला. नाहीतर तो केवढा भारी शब्द आहे. ज्याच्या हवाली केलं, तो हवालदार. शिवकाळात किल्ल्याचा हवालदार असे, गडाच्या किल्ल्या त्याच्याकडे, सबनीसाकडे हिशेब आणि कारखानीसाकडे कोठार. हमीद नुसता हवालदार नव्हता, कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार होता. पलटणीत कंपनीच्या कोठाराचा माणूस. कांबळी, बूट, मोजे, पाण्याच्या बाटल्या, रेशन, कोणाला किती दिलं, कोणाकडून किती परत आलं, फाटलं किती, हरवलं किती. बर्डीत शिंप्याला मास्टर म्हणतात, आणि त्यालाही पलटणीनं मास्टरच केलं.

माझे बाबा एम्प्रेस मिलच्या स्टोअरमध्ये होते. भोंगा झाला की सायकलवरून निघायचे आणि संध्याकाळी परत आले की अंगाला सरकीचा आणि ग्रीसचा वास असायचा. खात्याखात्यांना बॉबिन, पट्टे, तेल, नट-बोल्ट मोजून द्यायचे आणि लिहून ठेवायचे. आवक, जावक, शिल्लक. घरातही ते असंच बोलत, आई हसायची. १९६५ साली ते पंचविशीत होते. गणपतीचे दिवस होते आणि शेजारच्या वाड्यात एकच रेडिओ होता, त्याच्याभोवती आळी जमायची असं ते सांगत. त्या युद्धाच्या काळात शास्त्रीजींनी सोमवारी एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं, ते माझ्या आजीनं शेवटपर्यंत पाळलं. सोमवारी रात्री आमच्या घरी चूल पेटली नाही. हमीदची गोष्ट मला बाबांनीच पहिल्यांदा सांगितली आणि ती रणगाड्यांपासून सुरू झाली नव्हती. "तो आमच्यातला, स्टोअरचा माणूस," असं त्यांचं पहिलं वाक्य असे. लूमवरच्या कामगारांना मान होता, जॉबरला मान होता, इंजिनावरच्याला तर होताच. स्टोअरमधल्याला कोण विचारतो? तो तर खिडकीआड बसून पावती मागणारा. बाबांच्या आवाजात जो अभिमान असायचा, त्यात थोडं दुखणंही होतं, हे मला फार उशिरा कळलं.

आणि मी मोठी झाल्यावर ती गोष्ट सांगताना स्टोअर गाळून टाकलं. वर्गाला चाळीस मिनिटं असतात.

मास्टरांच्या दुकानातून आल्यावर मी पुन्हा सगळं वाचायला घेतलं आणि एका जागी अडकले. १९६२ च्या ऑक्टोबरात ४ ग्रेनेडियर्स नामका चूवर होती. नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलच्या, उंच डोंगरातला तो ओढा, त्याच्या काठानं आपली ७ वी ब्रिगेड पसरलेली, आणि वरून चिनी सैन्य. त्या ब्रिगेडच्या जवानांजवळ थंडीचे पुरेसे कपडे नव्हते, कित्येक जण सुती कपड्यांत आणि कॅनव्हासच्या बुटांत होते, गोळ्याही मोजक्या होत्या, हे आता सगळ्यांना माहीत आहे. २० ऑक्टोबरला हल्ला झाला, ब्रिगेड फुटली, आणि हमीदची पलटण भूतानच्या डोंगरांतून पायी चालत आसामात मिसामारीला उतरली. त्या चालण्याबद्दल त्यानं स्वतः कोणाला काय सांगितलं असेल, कोण जाणे. पण ज्या पलटणीला बर्फात कांबळं पुरलं नव्हतं, त्याच पलटणीच्या एका कंपनीची कांबळी तीन वर्षांच्या आत त्याच्या हवाली होती. हे मी वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. रोज सकाळी कोठार उघडून तो माणूस कांबळ्यांच्या थप्प्या मोजत असेल, तेव्हा त्याचा हात कसा चालत असेल? आपल्या कंपनीतल्या कोणाचे बूट फाटलेत हे त्याला अधिकाऱ्यांच्या आधी कळत असेल. मोज्यांची जोडी देताना तो काही बोलत असेल का? माझ्या बाबांनी एकदा पावती नसताना एका कामगाराला हातमोजे दिले आणि त्यासाठी त्यांचा एक दिवसाचा पगार कापला गेला. ते काहीच बोलले नव्हते, जेवायला मात्र दोन भाकरी जास्त घेतल्या होत्या.

पासष्टच्या युद्धाआधी तो सुटीवर घरी होता. बोलावणं आलं. त्याच्या घरच्यांनी पुढे अनेकांना सांगितलेली एक आठवण आहे. निघताना तो बिस्तरा बांधत होता आणि दोरी तुटली. सगळं सामान जमिनीवर पसरलं, त्यात बायकोनं दिलेला मफलर होता. रसूलन बीबींना तो अपशकुन वाटला आणि त्यांनी आजची रात्र थांबा म्हणून विनवलं. तो निघाला. स्टेशनच्या वाटेवर सायकलची साखळी तुटली आणि गाडी चुकली. मग पुढच्या गाडीनं गेला. वर्गात हे सांगताना मुली एकदम गप्प होत. मला मात्र ते ऐकून दर वेळी वेगळंच वाटे. ज्याचं सगळं आयुष्य दोऱ्यांत आणि बांधाबांधीत गेलं, वडिलांच्या मशीनपाशी आणि पलटणीच्या कोठारात, त्याच्या हातची गाठ कशी सुटेल? जुनी असेल दोरी. घरचीच असेल. सरकारी असती तर त्यानं आधीच तपासून घेतली असती.

क्वार्टर मास्टरला तोफेवर जायचं काम नसतं. तो आधी पाच वर्षं रणगाडाविरोधी तुकडीत होता, मग बढती मिळून कोठारावर आला. पंजाबातल्या खेमकरणच्या आघाडीवर पलटण पोचली तेव्हा रणगाडाविरोधी तुकडीला म्होरक्या नव्हता. कमांडिंग ऑफिसरांनी त्याला बोलावलं, कारण १०६ मिलिमीटरच्या तोफेवर त्याच्याइतका हात कोणाचाच बसला नव्हता. कोठाराच्या किल्ल्या त्यानं कोणाच्या तरी हवाली केल्या असतील. वही पुरी करून दिली असेल, शिल्लक जुळवून. माझं मन त्या किल्ल्यांपाशी फार वेळ रेंगाळतं.

ती तोफ म्हणजे काय हे मी पूर्वी मुलांना नीट सांगितलंच नाही. अकरा फुटांहून लांब नळी, दोनशे किलोवर वजन, उघड्या जीपवर बसवलेली. तिच्यावरच एक छोटी बंदूक जोडलेली असते. आधी तिची ठिणगीवाली गोळी झाडायची, ती रणगाड्यावर लागली असं दिसलं की मग मोठी. मोठी गोळी सुटली की मागच्या तोंडातून आगीचा लोट निघतो, धुळीचा ढग उठतो आणि मैलभरावरच्या माणसालाही कळतं की तोफ कुठे आहे. म्हणून मारायचं आणि लगेच जागा सोडायची. एक-दोन गोळ्यांवर तिसरी एका जागेवरून मारणं म्हणजे स्वतःचा पत्ता लिहून देणं. समोर पॅटन रणगाडा, पंचेचाळीस टनांच्या घरातलं धूड, चहूबाजूंनी पोलाद. आणि इकडे जीप, जिला बंदुकीच्या गोळीपासूनही आडोसा नाही. आडोसा होता तो पिकाचा. चीमा गावाजवळ उसाचे आणि कपाशीचे फड होते.

ऊस मला परका, पण कपाशी माझी आहे. काटोलजवळ माझ्या मामांचं शेत होतं. सप्टेंबरात कपाशी आमच्याकडे कमरेला लागते, सकाळची फुलं पिवळी असतात आणि संध्याकाळी गुलाबी होऊन मिटतात, पानांच्या मागं चिकटा धरतो आणि ओळीतून चाललं की फडक्यानं कोणी हळूच झटकावं तसा आवाज येतो. पाऊस उघडला की जमिनीतून वाफ निघते आणि नाकाशी तो हिरवट, तुरट वास बसतो. या वासात बसून कोणी रणगाड्याची घरघर जवळ येताना ऐकली असेल, हे माझ्या अंगाला कळतं. ऐकायचं आणि झाडायचं नाही. अजून नाही. अजून थोडं. आईच्या हातात कापड असताना आम्ही पोरं श्वास धरून उभी असायचो, ते आठवतं.

८ सप्टेंबरला पहिले रणगाडे आले. पलटण आदल्याच रात्री तिथे पोचून खंदक खणत होती, जमीन धड तीन फूटही खणून झाली नव्हती. १० तारखेला सकाळी आठ वाजता पुन्हा हल्ला झाला. आधी तोफांचा भडिमार, मग पॅटनची एक पूर्ण रेजिमेंट. नऊपर्यंत ते पुढच्या मोर्चांत घुसले. हमीद जीप घेऊन बाजूला सरकला, पुढचा रणगाडा टिपला, जागा बदलली, दुसरा पेटवला. तोवर त्यांनी त्याला हेरलं होतं. मशीनगन आणि गोळे सगळे त्याच्याच जीपवर येऊ लागले. तो तिसऱ्यावर मारत राहिला आणि तेव्हाच एक गोळा त्याच्यावर येऊन फुटला. परमवीर चक्राच्या प्रशस्तिपत्रात हे इतकंच आहे. तीन दिवस मिळून त्यानं किती रणगाडे मारले यावर वेगवेगळे आकडे लिहिले गेलेत. कुठे चार, कुठे सात, कुठे आठ.

"आत्या, सात सांगू का आठ?" भाचीनं विचारलं. तिला पाठ करायचं होतं.

मला हा प्रश्न वर्गातही यायचा आणि मी पटकन सात म्हणून मोकळी व्हायचे. या वेळी म्हणवेना. मरणाच्या दिवशी दोन आणि तिसऱ्यावर नेम, हे सरकारनं लिहिलं. बाकीचे त्याच्या सोबत्यांनी मोजले, उसात पडून, डोक्यावरून गोळे जात असताना. त्यांच्या मोजण्याला मी खोटं म्हणणार नाही. पण आकडा वाढला की माणूस मोठा होतो आणि घटला की लहान, असं आपल्या बोलण्यात कधी शिरलं? बाबा असते तर म्हणाले असते, जावक लिहिताना घाई करू नये. आणि आणखी एक गोष्ट आहे जी मी वर्गात कधीच बोलले नाही. प्रत्येक पॅटनमध्ये चार-पाच माणसं होती. पोलादाच्या आत सप्टेंबरचा उकाडा, पेट्रोलचा वास, आणि फटीतून दिसणारं तेवढंच शेत. त्यातले कितीतरी पंजाबातल्याच खेड्यांतले असतील, कपाशी ओळखणारे. ते चालून आले होते आणि हमीदनं त्यांना अडवलं, यात मला तसूभर शंका नाही. त्यानं अडवलं नसतं तर पुढे रस्ता मोकळा होता. तरीही दहा वर्षांच्या पोरीच्या तोंडी "मी सात फोडले" हे हसत-हसत म्हणायला घालायचं, माझ्याच्यानं होईना. हमीद तरी हसत म्हणाला असता का?

असल उत्तर गावाजवळच्या लढाईच्या त्या तीन दिवसांनंतर मोडून पडलेले, चिखलात रुतलेले पॅटन भिखीविंडजवळ ओळीनं उभे केले आणि त्या जागेला लोक पॅटननगर म्हणू लागले. हमीदची कबर असल उत्तरलाच आहे, रस्त्याच्या कडेला. २६ जानेवारी १९६६ ला राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हातून रसूलन बीबींनी परमवीर चक्र घेतलं. २००० साली टपाल खात्यानं तीन रुपयांचं तिकीट काढलं, त्यावर तो आहे आणि त्याची जीप आहे. रसूलन बीबी २०१९ मध्ये गेल्या. म्हणजे नवऱ्यानंतर चौपन्न वर्षं. त्या चौपन्न वर्षांत किती वेळा कोणीतरी दारात आलं असेल आणि ती तुटलेल्या दोरीची गोष्ट पुन्हा सांगायला लावली असेल. त्यांना कंटाळा आला असेल का? की तेवढ्यापुरता तो पुन्हा बिस्तरा बांधायला बसत असेल?

चौदा तारखेला कार्यक्रम झाला. खोक्याची जीप वर्गाच्या दारात अडकली, ती आडवी करून आत न्यावी लागली. भाचीचं बोलणं आम्ही दोघींनी मिळून लिहिलं होतं. ती उभी राहिली आणि स्पष्ट म्हणाली, "मी अब्दुल हमीद. माझे वडील शिंपी होते. मी माझ्या कंपनीचं स्टोअर सांभाळतो. माझ्याकडे सगळ्यांची कांबळी असतात." पुढचं ती विसरली. बाईंनी कडेनं "रणगाडे, रणगाडे" असं सुचवलं, पण ती आपल्या बाहीकडे बघत राहिली, मग जीपमध्ये जाऊन बसली आणि तोफेच्या नळीवर हात ठेवला. टाळ्या बेताच्या पडल्या. मला त्या पोरीला तिथेच जवळ घ्यावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं तोच शर्ट घातला आणि आम्ही किल्ल्यावर गेलो. सीताबर्डीचा किल्ला वर्षातून मोजक्या दिवशी उघडतो, पंधरा ऑगस्टला तर अख्खं नागपूर तिथे रांगेत असतं. १८१७ च्या लढाईतल्या इंग्रजांच्या कबरी, गांधीजींना १९२३ मध्ये ठेवलेली कोठडी, तटावरून दिसणारं स्टेशन आणि खाली टेकडी गणपतीची गर्दी, हे सगळं मी दर वर्षी बघते. किल्ल्यात ११८ इन्फंट्री बटालियन आहे, प्रादेशिक सेनेची, आणि ती ग्रेनेडियर्सचीच आहे, हे मी इतकी वर्षं पाटीवर वाचत होते आणि कधी जोडून पाहिलं नव्हतं. हमीदची रेजिमेंट माझ्या रोजच्या बसच्या रस्त्यावर, डोक्यावर उभी होती.

चढावर रांग लावायला एक हवालदार होता, चाळिशीचा, घामानं डबडबलेला, बोलणं आपल्या वऱ्हाडातलं. भाचीची बाही बघून तो खाली वाकला. "हवालदारसाहेब, या फिती किती वर्षांत कमावल्या?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मी मनात मोजलं आणि म्हणाले, "दहा वर्षं आठ महिने चौदा दिवस." खरं तर फिती त्याच्या आधीच मिळाल्या होत्या. तो हिशेब वेगळाच होता, भरतीपासून चीमाच्या शेतापर्यंतचा, पण तोंडातून तोच निघाला.

"मले तर बाप्पा सोळा वर्षं लागले," तो म्हणाला आणि पुढच्या माणसाला रांगेत आत घ्यायला वळला.

सोळा तारखेला शर्ट परत करायचा होता. रात्री जेवणं झाल्यावर मी बाबांच्या जुन्या डब्यातलं ब्लेड काढलं, दिव्याखाली बसले आणि फितीचा दोरा शोधू लागले. कच्चा टाका, ओढला की निघेल, असं मास्टर म्हणाले होते. दोरा सापडेना. नखानं चाचपलं, चष्मा बदलला, शेवटी बाही उलटी केली. आतून प्रत्येक फितीला दोन्ही कडांनी शिलाई होती, बारीक, एका मापाची, आणि तिन्ही फितींच्या टोकांशी मशीन मागेपुढे करून घातलेला पक्का टाका. ओढून निघणारा एकही दोरा मास्टरांनी ठेवला नव्हता. मी बाही पुन्हा सुलटी केली, इस्त्री तापत ठेवली आणि ब्लेड डब्यात टाकलं.

सकाळी दुकानदाराला शर्टाचे पैसे भरून आले.